येरे माझ्या मागल्या: दर तीन महिन्यांनी बंद पडणारं जेन्किन्सचं लॉगिन

सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास ऑफिसच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, "जेन्किन्सला लॉगिन होतंय का कोणाचं?" मग दुसरा, "नाही होत, पासवर्ड चुकीचा म्हणतंय." तिसरा म्हणतो, "माझं तर चालू आहे." आणि पाच मिनिटांच्या आत कोणीतरी विचारतंच, "रीस्टार्ट मारू का?"

जेन्किन्स म्हणजे कोड आपोआप बिल्ड करून तपासणारा आमचा सर्व्हर, आणि त्याचा हा प्रयोग आमच्याकडे दीड वर्ष चालला. रीस्टार्ट मारला की कधी लगेच सुरळीत व्हायचं, कधी तासाभराने, आणि सगळे आपापल्या कामाला लागायचे. तीन महिने उलटले की येरे माझ्या मागल्या. शेवटी एकदा बैठक मारून मुळापर्यंत गेलो. त्यात जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय, कारण हीच मांडणी पुष्कळ ठिकाणी आहे: जेन्किन्स लिनक्सवर, लॉगिन एलडीएपी प्लगइनमधून कंपनीच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीला जोडलेलं (कंपनीतल्या सगळ्यांची अकाउंटं आणि पासवर्ड ठेवणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा, पुढे नुसतं एडी म्हणतो; तिच्याशी बोलायची भाषा म्हणजे एलडीएपी), आणि समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर.

एकाचं बंद की सगळ्यांचं?

हा प्रश्न आधी विचारा. एकाचंच लॉगिन होत नसेल तर त्याचा पासवर्ड, त्याचं अकाउंट, त्याचा ग्रुप बघा. या लेखाचं तुम्हाला काम नाही. सगळ्यांचं एकदम बंद झालं असेल तर पुढे वाचा.

"माझं चालू आहे" म्हणणाऱ्यामुळे गोंधळून जाऊ नका. त्याचं सेशन आधीपासून उघडं आहे, इतकंच. त्याला लॉगआउट करून पुन्हा यायला सांगितलंत तर तोही बाहेर अडकेल. (सांगू नका. तो आत आहे हे आज तुमच्या उपयोगाचं आहे, विशेषतः तो ॲडमिन असेल तर.) रात्रीचे ठरावीक वेळेचे बिल्डही चालूच राहतात, कारण त्यांना कोणाच्या लॉगिनची गरज नसते. म्हणून सर्व्हर ठणठणीत दिसतो आणि माणसं बाहेर ताटकळतात.

हे असं का होतं ते कळायला एलडीएपी लॉगिन आतून कसं चालतं ते एकदा बघून घ्यावं लागतं. तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकलात की जेन्किन्स तो थेट एडीकडे नेत नाही. आधी तो स्वतःची ओळख दाखवून एडीत शिरतो. त्यासाठी सेटिंगमध्ये एक मॅनेजर डीएन (डीएन म्हणजे एडीतल्या अकाउंटचा पूर्ण पत्ता) आणि त्याचा पासवर्ड दिलेला असतो. हे बहुतेक ठिकाणी एक सर्व्हिस अकाउंट असतं, म्हणजे माणसासाठी नव्हे तर प्रोग्रॅमसाठी काढलेलं. आत गेल्यावर तो तुमचं नाव शोधतो, तुमचा पूर्ण डीएन मिळवतो, आणि मग त्या डीएनने आणि तुम्ही दिलेल्या पासवर्डने दुसऱ्यांदा बाइंड, म्हणजे एडीत लॉगिन, करतो. म्हणजे दारं दोन. दुसऱ्या दारात अडचण आली तर एक माणूस अडकतो. पहिल्या दारात जेन्किन्सलाच अडवलं तर सगळं ऑफिस अडकतं. लॉगिनच्या पानावर मात्र दोन्ही वेळा तेच छापून येतं: नाव किंवा पासवर्ड चुकीचा. त्या ओळीवर विश्वास ठेवून आमच्या निम्म्या लोकांनी स्वतःचे पासवर्ड बदलून घेतले होते. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी.

लॉग वाचा, रीस्टार्ट नंतर

रीस्टार्टचा मोह टाळा. बंद पडलेल्या क्षणाचा लॉग हाच पुरावा असतो. २०२२ च्या मार्चमधल्या २.३३२.१ या एलटीएस आवृत्तीपासून जेन्किन्सची लिनक्स पॅकेजं सिस्टमडीवर (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेवर) आली, त्यामुळे लॉग आता जर्नलसीटीएलमध्ये जेन्किन्स युनिट देऊन बघायचा. जुन्या सवयीने व्हार-लॉगखाली जेन्किन्सचं फोल्डर उघडलंत तर तिथली फाइल कधीची थांबलेली सापडेल. याच बदलात एट्सी-डिफॉल्टमधली जेन्किन्सची सेटिंगची फाइलही बाद झाली. तिथे पोर्ट किंवा जावाचे पर्याय बदलून "काहीच होत नाही" म्हणणारे लोक मी अजून बघतो. आता ते सिस्टमसीटीएल एडिट करून ओव्हरराइडमध्ये टाकायचे.

लॉगमध्ये "हडसन" शोधा. जेन्किन्सचं मूळ नाव हडसन. कोसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना ते लिहिलं, आणि २०११ मध्ये ओरॅकलशी नावावरून वाजल्यावर प्रकल्पाने नाव बदललं. आतल्या जावा क्लासची नावं मात्र जुनीच राहिली, एलडीएपीचा क्लासही त्यातलाच. त्याच्या आसपास एरर कोड ४९ अशी ओळ असेल. ४९ म्हणजे नुसतं "ओळख पटली नाही". खरी गोष्ट त्याच ओळीत पुढे "डेटा" या शब्दानंतर येणाऱ्या तीन अक्षरांत असते, आणि तिथपर्यंत बहुतेक जण वाचतच नाहीत.

५२ई असेल तर पासवर्ड चुकीचा. ५२५ म्हणजे असा वापरकर्ताच नाही. ५३२ म्हणजे पासवर्डची मुदत संपली. ५३३, अकाउंट बंद केलेलं आहे. ७०१, अकाउंटचीच मुदत संपली. ७७३, पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलायची सक्ती आहे. ७७५, अकाउंट लॉक झालंय. यात एक बारीक गोम आहे: ५३२ आणि ७७३ हे कोड एडी तेव्हाच देतं जेव्हा दिलेला पासवर्ड बरोबर असतो. ७७५ मात्र पासवर्ड चुकीचा असला तरी येतो. म्हणून ५३२ दिसला तर आनंद माना, जेन्किन्सजवळचा पासवर्ड खरा आहे, फक्त शिळा झालाय. ७७५ दिसला तर शोधाशोध करावी लागणार.

आमच्या लॉगमध्ये दोन्ही सापडले. सोमवारी सकाळी ५३२, आणि पासवर्ड बदलून दिल्यावर, सगळं सुरू होऊन वीसेक मिनिटं झाल्यावर, ७७५.

आत कसं शिरायचं

कोणाचं ॲडमिन सेशन उघडं असेल तर त्याच्याकडूनच सिक्युरिटीच्या पानावर नवा मॅनेजर पासवर्ड टाकून घ्या. सेव्ह करण्याआधी तिथलं एलडीएपी सेटिंग तपासायचं बटण दाबा. हे बटण मला माहीत असूनही मी पहिली दोन वर्षं कधी दाबलं नव्हतं, त्याची शिक्षा भोगली आहे.

सगळेच बाहेर असतील तर जेन्किन्सच्या होम फोल्डरमधली कॉन्फिग.एक्सएमएल हाताने बदलावी लागते. इंटरनेटवर सरसकट मिळणारा सल्ला असा, की तिच्यातला युजसिक्युरिटी हा टॅग ट्रूचा फॉल्स करा आणि सेवा पुन्हा सुरू करा. हा उपाय चालतो. पण त्याच्या पोटात दोन खड्डे आहेत.

पहिला उघड आहे: त्या क्षणापासून ८०८० पोर्टपर्यंत पोहोचणारा प्रत्येक जण ॲडमिन होतो, स्क्रिप्ट कन्सोल (सर्व्हरवर हवा तो कोड चालवायची जागा) त्याच्या हातात येतो आणि साठवलेली सगळी क्रेडेन्शियल्स उघडी पडतात. म्हणून आधी फायरवॉलमधून ते पोर्ट बंद करा किंवा जेन्किन्स फक्त लोकलहोस्टवर ऐकेल असं करा, मग टॅगला हात लावा. दुसरा खड्डा कोणी सांगत नाही. फॉल्स वाचला की जेन्किन्स चालू होतानाच सिक्युरिटी रिल्म (लॉगिन कुठून तपासायचं ते) आणि परवानग्यांची पद्धत दोन्ही कोऱ्या करतो, आणि तुम्ही कुठलंही सेटिंग सेव्ह केलंत की ती कोरी पाटीच फाइलमध्ये लिहिली जाते. एलडीएपीचे सगळे तपशील गेले, आणि कोणाला कुठल्या जॉबवर काय करता येतं ती मॅट्रिक्सही गेली. आमची गेली. सत्तरेक ओळींची मॅट्रिक्स जुन्या मेलमधल्या स्क्रीनशॉटवरून परत भरली. फाइलची प्रत काढून ठेवायला दहा सेकंद लागतात.

याहून बरा मार्ग असा. सेवा थांबवा, कॉन्फिग.एक्सएमएलची प्रत काढा, आणि एलडीएपीच्या भागात मॅनेजर पासवर्ड सीक्रेट नावाचा टॅग शोधा. त्यात महिरपी कंसात लांबलचक सांकेतिक मजकूर असेल. तो काढून तिथे नवा पासवर्ड साधा टाइप करा आणि सेवा सुरू करा. जेन्किन्सला मजकूर सांकेतिक वाटला नाही तर तो साधाच समजून वापरतो. आत गेल्याबरोबर सिक्युरिटीचं पान उघडून एकदा सेव्ह दाबा, म्हणजे पासवर्ड पुन्हा सांकेतिक रूपात लिहिला जाईल. ते विसरलात तर पासवर्ड उघडा पडून राहील, आणि रात्रीच्या बॅकअपमध्येही जाईल. पासवर्डमध्ये अँपरसँड किंवा कोनी कंस असेल तर एक्सएमएलच्या रीतीने लिहा, नाहीतर फाइलच वाचली जाणार नाही आणि मग दुखणं दुप्पट.

मग वीस मिनिटांनी पुन्हा लॉक का?

खरी मेख इथे होती. पासवर्ड बदलला, जेन्किन्सला दिला, सगळे आत आले, टाळ्या झाल्या, आणि चहा संपेपर्यंत पुन्हा बंद. आम्ही रीस्टार्ट मारायचो आणि चालू व्हायचं, म्हणून सगळं श्रेय रीस्टार्टला. प्रत्यक्षात एडीच्या धोरणानुसार लॉक ठरावीक वेळाने आपोआप सुटत होता; आमच्याकडे तो अर्ध्या तासाचा होता. रीस्टार्ट, प्लगइन लोड होणं, ग्रुपवरची चर्चा यात तेवढा वेळ सहज निघून जायचा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ.

अकाउंट लॉक होतं म्हणजे कोणीतरी जुना पासवर्ड घेऊन पुन्हा पुन्हा दार ठोठावतंय. कोण, ते एडीवाल्यांना विचारा. डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे एडी चालवणाऱ्या सर्व्हरच्या, सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० क्रमांकाची नोंद लॉक झाल्याची असते, आणि तिच्यात जिथून लॉगिनचा प्रयत्न झाला त्या मशीनचं नाव असतं. एलडीएपीच्या साध्या बाइंडमध्ये मात्र तिथे बऱ्याचदा डोमेन कंट्रोलरचंच नाव येतं, कारण पासवर्ड तपासणारा तोच. आमचे एडीवाले दादा त्या नोंदीवर बोट ठेवून "बघा, आमच्याच सर्व्हरवरून आहे, तुमचं काही नाही" म्हणून दोनदा तिकीट बंद करून मोकळे झाले होते. तिसऱ्यांदा मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. त्याच वेळेच्या ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदी काढल्या, त्यात सोर्सचा आयपी पत्ता होता.

तो पत्ता कोणाच्याच ओळखीचा नव्हता. शोधल्यावर निघालं एक जुनं व्हर्च्युअल मशीन. दोन वर्षांपूर्वी एका प्लगइनची चाचणी घ्यायला कोणीतरी जेन्किन्सच्या होम फोल्डरची अख्खी नक्कल करून दुसरं जेन्किन्स उभं केलं होतं आणि नंतर ते तिथेच सोडून कंपनीही सोडली होती. जेन्किन्स पासवर्ड सांकेतिक करतो त्याच्या किल्ल्या होममधल्याच सीक्रेट्स फोल्डरमध्ये असतात, मास्टर की आणि अजून हडसनचंच नाव लावणारी एक फाइल. अख्खं होम नेलं की किल्ल्याही जातात. म्हणजे ते भूत आमच्याच सर्व्हिस अकाउंटने, आमच्याच पासवर्डने, इमानेइतबारे एडीशी बोलत होतं. पासवर्ड बदलला की ते जुन्यावर अडून बसायचं, आणि त्याच्यावरच्या एका जॉबमुळे ठराविक अंतराने बाइंडचे प्रयत्न चालू राहायचे. पाच फसले की अकाउंट लॉक.

आणखी दोन गिऱ्हाइकं निघाली: आर्टिफॅक्ट (बिल्डमधून तयार झालेल्या फाइली) ठेवायच्या सर्व्हरवर तेच अकाउंट, आणि एका क्रॉनमधल्या, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या, बॅकअप स्क्रिप्टमध्ये तोच पासवर्ड, साध्या अक्षरांत. सर्व्हिस अकाउंट एक आणि खाणारी तोंडं चार.

आम्ही काय बदललं

ते मशीन बंद केलं, हे सांगायला नको. त्यानंतर प्रत्येक सेवेला वेगळं अकाउंट घेतलं. एडीवाल्यांनी कुरकुर केली, पण एकाचा घोळ दुसऱ्याच्या गळ्यात पडणार नाही हे त्यांनाही पटलं. शिवाय लॉक झालेल्या अकाउंटच्या नावावरूनच आता गुन्हेगार कळतो.

मुदतीचं काय? नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायचा नियम आता जुनाट मानला जातो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये ठरावीक काळाने सक्तीने बदल करायला लावू नका असं मार्गदर्शन दिलं, मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये विंडोजच्या सिक्युरिटी बेसलाइनमधून ही अट काढली. हे सगळं मी मेलमध्ये लिहून पाठवलं. उत्तर आलं, "ऑडिटमध्ये आहे." ठीक. मग दुसरी वाट: विंडोज सर्व्हर २००८ पासून एडीत एखाद्या ग्रुपपुरतं वेगळं पासवर्ड धोरण लावता येतं. सर्व्हिस अकाउंटचा ग्रुप करून त्याला लांबलचक पासवर्ड आणि वर्षाची मुदत, एवढ्यावर तडजोड झाली. एडीवाले जीएमएसए नावाचं सर्व्हिस अकाउंट सुचवतील, ज्यात पासवर्ड आपोआप बदलत राहतो. विंडोजच्या सेवांसाठी ती चीज उत्तम आहे, पण लिनक्सवरच्या जेन्किन्सला एका चौकटीत टाइप केलेला पासवर्ड लागतो, तिथे ती बसत नाही.

तुमच्याकडे तेवढीही सूट मिळत नसेल तर दोन अकाउंटं आलटून पालटून वापरा. पहिल्याची मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी जेन्किन्स दुसऱ्यावर न्या, मग पहिल्याचा पासवर्ड निवांत बदला. धावपळीची वेळच येत नाही. एकच अकाउंट असेल तर क्रम पाळा: आधी जेन्किन्स थांबवा, मग एडीत पासवर्ड बदला, मग फाइलमध्ये, मग सुरू करा. चालू जेन्किन्सच्या पाठीमागे पासवर्ड बदललात तर प्रत्येकाच्या लॉगिनच्या प्रयत्नागणिक तो जुना पासवर्ड घेऊन बाइंड करेल आणि स्वतःच स्वतःला लॉक करून घेईल.

मॅनेजर डीएनच्या जागी पूर्ण डीएन न लिहिता अकाउंटचं मेल आयडीसारखं दिसणारं नाव लिहा, एडीला ते चालतं. पूर्ण डीएनमध्ये ओयूचं, म्हणजे एडीतल्या कप्प्याचं, नाव असतं. एडीवाल्यांनी साफसफाई करताना अकाउंट दुसऱ्या ओयूत हलवलं की पासवर्ड बरोबर असूनही कोड ४९ मिळतो, आणि तुम्ही पासवर्डच्या मागे लागता. शोधाचा फिल्टरही बघून घ्या: लॉगिनचं नाव शोधायला प्लगइन आपणहून यूआयडी हा रकाना धरतं, एडीला सॅमअकाउंटनेम हा रकाना लागतो.

आणि सिक्युरिटीच्या पानावर काहीही बदलताना दुसऱ्या ब्राउझरमध्ये ॲडमिनचं सेशन उघडं ठेवा. नव्या सेटिंगने तिसऱ्या खिडकीत लॉगिन होतंय हे बघितल्याशिवाय ते बंद करू नका.

कोड ४९ नसेलच तर

लक्षण तेच, पण लॉगमध्ये ४९ ऐवजी पीकेआयएक्स दिसतंय आणि सर्टिफिकेटचा मार्ग सापडत नाही अशी तक्रार आहे? मग विचारा: जेन्किन्स जिच्यावर चालतो ती जावा अलीकडे कोणी बदलली का? एलडीएपीएस, म्हणजे ६३६ पोर्टवरचं सुरक्षित एलडीएपी, कंपनीच्या स्वतःच्या सीएच्या (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेच्या) सर्टिफिकेटवर चालतं, आणि ते सीए जावाच्या सीएसर्ट्स नावाच्या पेटीत कोणीतरी कधीतरी हाताने घातलेलं असतं. जावा नवी आली की पेटी नवी येते. जेन्किन्सने २.३६१.१ पासून, म्हणजे २०२२ च्या सप्टेंबरपासून, जावा ११ सक्तीची केली आणि २०२४ च्या ऑक्टोबरमधल्या २.४७९.१ पासून जावा १७. दोन्ही वेळा बऱ्याच जणांचं सीए मागे राहिलं. उबुंटूवर ओएसच्या पॅकेजमधली जावा असेल तर सीएची फाइल यूएसआर-लोकल-शेअरखालच्या सीए-सर्टिफिकेट्स फोल्डरमध्ये टाकून अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स चालवा. पुढच्या जावालाही ते आपोआप मिळेल. टारबॉल उघडून ठेवलेली जावा असेल तर दरवेळी कीटूलने घालावं लागेल, किंवा वेगळी ट्रस्टस्टोअर फाइल करून तिचा मार्ग जेन्किन्सच्या जावा पर्यायांत द्यावा लागेल.

सर्व्हरचा पत्ता आयपीने दिला असेल तर तोही नावाने द्या. जावा ८ च्या १८१ व्या अपडेटपासून, २०१८ पासून, एलडीएपीएसमध्ये सर्टिफिकेटवरचं नाव आणि पत्ता जुळतो का ते तपासलं जातं.

माणसं आत येताहेत पण स्क्रिप्टला ४०३ (परवानगी नाही) मिळतोय आणि क्रम्ब (विनंती खरीच आहे हे पटवायची जेन्किन्सची खूणचिठ्ठी) नाही अशी तक्रार आहे, तर ते वेगळं दुखणं. २०१९ च्या २.१७६.२ पासून क्रम्ब वेब सेशनला बांधलेला आहे. क्रम्ब आणून कुकी टाकून देणाऱ्या जुन्या स्क्रिप्टा त्या दिवशी मेल्या. क्रम्बच्या मागे लागूच नका. पासवर्डऐवजी एपीआय टोकन वापरा, त्याला क्रम्ब लागत नाही. टोकन एकदाच दिसतं, तेव्हाच नीट ठेवा, आणि माणसाच्या नावावर न काढता सर्व्हिस अकाउंटच्या नावावर काढा. माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याच्याबरोबर रिलीजही सोडून जातं, हे आम्ही बघितलंय.

गिटहबकडून कोड ओढताना अडलं तर तो या लेखाचा विषय नाही. तरी पटकन: पासवर्डने गिट वापरणं २०२१ च्या १३ ऑगस्टला बंद झालं, टोकनची मुदत बघा. आणि होस्ट कीची (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्लीची) तक्रार असेल तर गिटहबने २०२३ च्या मार्चमध्ये आपली आरएसए होस्ट की बदलली होती, तुमच्या बिल्ड चालवणाऱ्या एजंटावर जुनीच असेल.

आता आमच्याकडे रोज सकाळी सात वाजता एक क्रॉन एलडीएपीसर्च ही एडीत लॉगिन करून शोधणारी कमांड चालवतो, जेन्किन्सच्याच अकाउंटने, आणि फसला तर मला मेल येतो. ऑफिसला पोहोचायच्या आत कळतं. हा चेक दिवसातून एकदाच चालवा. उत्साहाच्या भरात मी तो आधी दर पाच मिनिटांनी लावला होता, आणि पासवर्ड बदलताना तेवढी एक स्क्रिप्ट विसरलो. लॉक होण्याचं कारण शोधायला एडीवाल्या दादांच्या शेजारी पुन्हा खुर्ची टाकली, ४६२५ मधला आयपी बघितला, आणि तो माझ्याच मशीनचा निघाला.